थेरपिस्ट शिकाऊ असेल तर मला ते आधी सांगा

थेरपीबद्दल आपल्याकडे आता बरंच बोललं जातं, इन्स्टावर रील्स असतात, ऑफिसात एखादं वर्कशॉप होतं, पेपरच्या पुरवण्यांमध्ये लेख येतात, पण एक प्रश्न मला त्यात कुठे दिसत नाही. समोर बसलेली थेरपिस्ट अजून शिकतेय असं असेल तर काय? म्हणजे ती आपलं ऐकून कोणाला सांगते, कुठे लिहून ठेवते, आपण एखाद्या गोष्टीला नाही म्हणू शकतो का, आणि नाही म्हटलं तर आपली जागा जाते का. मी नाशिकमध्ये एका कॉलेजला जोडून असलेल्या कमी फीच्या सेंटरमध्ये अशाच एका शिकाऊ थेरपिस्टकडे बरेच महिने जात होते. कशासाठी ते इथे लिहिणार नाहीये. तिला विचारून, तिला हे वाचायला देऊन मगच टाकतेय, आणि तिचे-माझे काही तपशील बदललेत, कारण सगळा लेखच या विषयावर आणि त्यातच कोणाची ओळख फुटली तर काय अर्थ.

मी पतसंस्थेत नोकरी करते. कोणाचं कर्ज थकलंय, कोणी बायकोचं सोनं ठेवलंय, कोणी घरात न सांगता एफडी मोडली, हे सगळं रोज टेबलावर येतं आणि ते घरी जेवताना काढायचं नाही हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा वेगळा विचारही करावा लागत नाही. पण याच नोकरीमुळे मला हेही माहितीये की गोष्ट फुटते ती कोणी मुद्दाम चुगली केल्यामुळे फार कमी वेळा. ती फुटते लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर, "अगं नाव नाही सांगत, पण एक बाई आहे आमच्याकडे" अशा सुरुवातीतून. आणि नाशिक कितीही वाढलं तरी कॉलेज रोडला उभं राहून दोन नावं घेतली की तिसरा माणूस कोणाचा तरी आतेभाऊ निघतोच. आमची आई म्हणायची गोष्ट षट्कर्णी झाली की गावभर झाली. त्यामुळे शिकाऊ थेरपिस्टच्या मागे एक सुपरव्हायजर असते आणि ती आपल्याबद्दल दर आठवड्याला ऐकते हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता, हे मी आधीच सांगते.

या सेंटरच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. नाव घेत नाही. पहिल्याच वेळी मी खुर्चीत बसले, पर्स मांडीवर घेतली, आणि बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन आत आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. मॅडम म्हणाल्या, ही इंटर्न आहे, ऐकेल फक्त, चालेल ना? आता मला सांगा, ती मुलगी बसलेली आहे, पेन उघडलेलं आहे, माझ्याकडे बघून हसतेय, मॅडम वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, मी त्यांच्या खोलीत, आणि मी नाही म्हणू? आपल्याकडची कोणती बाई म्हणेल? मी मान हलवली आणि पुढचा पाऊण तास जे सांगायला गेले होते ते सोडून सगळं बोलले, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, ऑडिट, झोप लागत नाही वगैरे. ती मुलगी बिचारी सगळं लिहून घेत होती. तिचा काही दोष नव्हता, तिला शिकायचंच होतं. पण मला विचारायचं होतं तर ते आधी, ती आत यायच्या आधी, ती खोलीत नसताना विचारायला हवं होतं, आणि "नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही" हे वाक्य त्याला जोडून यायला हवं होतं. त्या वाक्याशिवाय विचारणं म्हणजे न विचारणंच आहे.

मग मैत्रिणीने या सेंटरचं सांगितलं. ती सायकॉलॉजी शिकवते, दुसऱ्या शहरात, त्यामुळे तिचा इथल्या कोणाशी संबंध नाही. फोनवर वेळ घेतानाच तिकडच्या बाईंनी सांगितलं की आमच्याकडे एम.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थिनी सेशन घेतात, अनुभवी सुपरव्हायजरच्या हाताखाली, तुम्हाला चालणार नसेल तर दोन ठिकाणांचे नंबर देते, तिथे फी जास्त आहे. मी म्हटलं विचार करून सांगते. आणि खरंच दोन दिवस विचार केला. पहिल्यांदा वाईटच वाटलं, वाटलं की आपल्याकडे पैसे कमी म्हणून आपल्या वाट्याला शिकाऊ. हे वाटणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही कारण ते खरंच आहे, कमी फीच्या ठिकाणी शिकाऊ हात जास्त असतात, सरकारी हॉस्पिटलात असतं तसंच.

त्या हॉस्पिटलचं लिहायलाच हवं. आई आजारी होती तेव्हा आम्ही तिला एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ठेवलं होतं. डॉक्टर चांगले होते, उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण सकाळी राउंडला सरांच्या मागे दहाबारा मुलं-मुली यायची आणि आईच्या अंगावरची चादर बाजूला करून सर त्यांना इंग्लिशमध्ये काहीतरी दाखवायचे आणि आई छताकडे बघत पडून राहायची. पडदा ओढलेला नसायचा. आईला एकदाही कोणी विचारलं नाही, की आजी, ही मुलं शिकतायत, बघू देत का? विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती हे मला पक्कं माहितीये, तिला शिकणाऱ्या पोरांचं भारी कौतुक होतं, पोरांना ती स्वतः म्हणाली असती बघा रे नीट. तिला हो म्हणायची संधीच मिळाली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. गरीब माणूस फी देत नाही म्हणून शरीराने किंमत चुकवतो, असं कोणी ठरवलेलं नसतं पण तसं होत जातं, आणि थेरपीत तर शरीरही नाही, माणसाच्या आतलं सगळं असतं.

तर दोन दिवसांनी मी हो कळवलं. पहिल्या सेशनला ती मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची, हातात फॉर्म घेऊन बसली होती. फॉर्म इंग्लिशमध्ये होता, चार पानी. तो तिने माझ्या हातात देऊन "इथे सही" म्हटलं नाही. ती म्हणाली ताई, मी हे एकेक वाचून मराठीत सांगते, मध्ये कुठेही थांबवा. आणि तिने सांगितलं की मी अजून शिकतेय, माझ्या सुपरव्हायजर अमुक मॅडम आहेत (पूर्ण नाव सांगितलं, नंबर लिहून दिला), त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, त्यांची नोंदणी आहे, तुमच्या केसची जबाबदारी शेवटी त्यांच्यावर आहे, मी दर आठवड्याला तासभर त्यांच्याशी बोलते, तेव्हा तुमच्याबद्दल बोलेन. माझ्यामुळे काही खटकलं आणि मला सांगणं अवघड वाटलं तर त्यांना थेट फोन करा, मी मध्ये येणार नाही. हे सगळं बोलताना तिचा आवाज जरा कापत होता. पण का कोण जाणे, तो गोळा तिथेच निम्मा विरघळला. मी इतक्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरच्या, वकिलाच्या, सीएच्या खोलीत बसले असेन पण "माझ्याबद्दल तक्रार कुठे करायची" हे कोणी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेलं आठवत नाही.

हे ती मनाने करत होती असंही नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिनियमांत हे चक्क लिहिलेलंच आहे, थेरपिस्ट प्रशिक्षणार्थी असेल आणि कायदेशीर जबाबदारी सुपरव्हायजरची असेल तर क्लायंटला ते सांगायचं आणि सुपरव्हायजरचं नावही सांगायचं, नियम 10.01. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू झाला 29 मे 2018 पासून. त्यात संमतीची जी व्याख्या आहे ती मी मुद्दाम शोधून वाचली आणि मला फार आवडली. जबरदस्ती, दबाव, फसवणूक, गैरसमज यातलं काही नसताना, फायदे-तोटे आणि दुसरे पर्याय काय आहेत हे सांगून, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीने सांगून मगच घेतलेली ती संमती. समजेल अशा भाषेत! मग नाशिक, धुळे, लातूरच्या सेंटर्समध्ये इंग्लिशमधले चार पानी फॉर्म का चालतात? मराठीत फॉर्म करायला किती वेळ लागतो? एक शिक्षिका, एक सायकॉलॉजिस्ट आणि एक दुपार, एवढंच लागतं.

त्याच कायद्याच्या कलम 23 मध्ये गोपनीयता आहे. आणि ती कधी मोडता येते याची यादीही आहे: उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला किंवा प्रोफेशनलला सांगणं, तुम्ही नेमलेल्या प्रतिनिधीला सांगणं, दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तर ती टाळणं, जिवाला धोका, कोर्टाचा किंवा याच कायद्याखालच्या बोर्डाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. इजा टाळण्यासाठी सांगायचं तेव्हाही गरजेपुरतंच सांगायचं. मी ही यादी परत परत वाचली. सुपरव्हायजरशी बोलणं हे उपचारासाठी आहे, ते त्यात बसतं. पण वर्गात केस प्रेझेंट करणं, परीक्षेसाठी केस रिपोर्ट लिहिणं, पुढच्या बॅचला टेप ऐकवणं, हे त्या यादीत कुठेही नाही. शिकवणं हा अपवाद नाहीये. म्हणजे त्यासाठी मला विचारायलाच हवं, वेगळं विचारायला हवं. आता कोणी म्हणेल हा कायदा मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल बोलतो, तू तर नुसती बोलायला गेली होतीस. ठीक आहे. पण आजारी माणसाला कायद्याने जेवढं मिळतं त्यापेक्षा कमी मला का मिळावं? आणि काउन्सेलर अशी पाटी आपल्याकडे कितीतरी वर्षं कोणीही लावू शकत होतं, 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्याने सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर मंडळींना नोंदणीच्या चौकटीत आणायचं ठरवलंय, पण ती चौकट गल्लीतल्या क्लिनिकपर्यंत पोचायची आहे. तोपर्यंत आपल्यासारख्यांचा भरवसा त्या त्या सेंटरच्या शिस्तीवरच.

वेगळं विचारायला हवं असं मी म्हणते त्याला सुप्रीम कोर्टाचाही आधार आहे. समीरा कोहली यांचा खटला, निकाल जानेवारी 2008 चा. 1995 मध्ये दिल्लीत एक अविवाहित बाई, वय 44, रक्तस्रावाच्या त्रासासाठी डॉक्टरकडे गेली, तपासणीसाठी लॅप्रोस्कोपी करायची म्हणून तिला भूल दिली. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय, अंडाशय सगळं काढून टाकलं. कोर्टाने सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनला दिलेली संमती होत नाही, आणि सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने आई हो म्हणू शकत नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या आईबद्दल विचार करत होते. तिला वाटलं असेल आपण पोरीच्या भल्याचंच करतोय. आपल्याकडे घरच्यांनी हो म्हटलं की झालं, असंच असतं सगळं. माझ्या भावाने सेंटरला फोन केला होता, म्हणे ती येते का तुमच्याकडे, कशी आहे, काय बोलते, काळजी वाटते हो. काळजी खरीच होती. त्यांनी उत्तर दिलं की इथे कोण येतं किंवा येत नाही हे आम्ही कोणालाच सांगत नाही, तुम्ही बहिणीशीच बोला. भाऊ माझ्यावर चिडला, मग त्यावरून आम्ही कधी नव्हे ते नीट बोललो. ती मुलगी मोहात पडली असती आणि "हो दादा, बऱ्या आहेत आता" एवढंच म्हणाली असती तरी मी परत तिथे गेले नसते.

तर एक सही आणि सगळं मंजूर, असं माझ्या बाबतीत झालं नाही. बोलायला हो. सुपरव्हायजरला सांगायला हो. ग्रुपमध्ये केस मांडायला, नंतर सांगते. टेप करायला नाही. केस रिपोर्ट, आत्ता नाही. ती म्हणाली चालेल, आणि प्रत्येकासमोर तसं लिहिलं, तारीख घातली, आणि सांगितलं की हो म्हटलेलं नंतर नाही करता येतं, कधीही.

टेपचं मला जास्त टोचत होतं. पण टेप का लागते हेही मी समजून घेतलं. शिकणारा माणूस सेशन संपल्यावर सुपरव्हायजरला जे सांगतो ते त्याला आठवतं तसं सांगतो, आणि जिथे त्याचं चुकलेलं असतं नेमकं तेच आठवत नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने 1942 साली एका क्लायंटच्या सगळ्या सेशन्सचा शब्दन्शब्द छापला होता, त्या काळी चक्क ग्रामोफोनसारख्या तबकड्यांवर रेकॉर्ड करून. त्यामुळे पहिल्यांदा बाहेरच्या लोकांना कळलं की त्या बंद खोलीत खरंच काय बोललं जातं. हे मोठंच काम होतं, मी नाकारत नाही. पण माझ्या मैत्रिणीने दुसरी एक गोष्ट सांगितली. काउन्सेलिंग शिकणाऱ्या मुलांना ग्लोरियाची फिल्म दाखवतात, ती स्वतःही दाखवते. 1960 च्या दशकातली, कॅलिफोर्नियातली. घटस्फोट झालेली एक तरुण बाई आणि तीन नावाजलेले थेरपिस्ट, रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस, आळीपाळीने तिच्याशी बोलतात. ती आपल्या लहान मुलीबद्दल बोलते, पुरुषांशी असलेल्या संबंधांबद्दल मुलीशी खोटं बोलावं लागलं त्याबद्दल बोलते. शिकवण्यासाठी म्हणून ती कॅमेऱ्यासमोर बसली होती आणि पुढे तीच फिल्म टीव्हीवर आणि थिएटरमध्येही लागली. आज जगभरात, आपल्या नाशिक-पुण्यातल्या वर्गांमध्येसुद्धा, त्या बाईचा चेहरा आणि तिच्या मुलीचं लाडाचं नाव विद्यार्थ्यांना पाठ आहे. ती हो म्हणाली होती, पण कशाला? एका खोलीला. मैत्रीण आता फिल्म लावायच्या आधी वर्गाला हे सांगते, आणि म्हणाली की मुलं मग वेगळ्या नजरेने बघतात.

मी काही महिन्यांनी टेपला हो म्हटलं. कोणी आग्रह केला नव्हता. मला दिसत होतं की एका विशिष्ट विषयावर आलं की ती गडबडते, घाईने पुढचं विचारते, आणि मलाच वाटलं की हे तिच्या मॅडमनी ऐकावं. अटी घातल्या: तिच्या फोनवर नाही, सेंटरच्या रेकॉर्डरवर, कार्ड सेंटरच्या कपाटात, ऐकणार फक्त मॅडम आणि ती, ऐकून झालं की पुसायचं आणि पुसल्याचं मला सांगायचं. एकदा मध्येच मी म्हटलं बंद कर. तिने लगेच हात पुढे करून बटण दाबलं, लाल दिवा गेला हे मला दाखवलं, आणि मी जिथे थांबले होते ते माझं वाक्य मला परत सांगितलं. का बंद करायला सांगितलं हे तिने ना तेव्हा विचारलं ना नंतर.

ग्रुपचं वेगळंच होतं. त्यांच्यात पाचसहा जणी मिळून सुपरव्हायजरसमोर बसतात आणि एकेकीने केस मांडायची असते. मी म्हटलं, बाई, त्या पाचसहा जणींत माझ्या वहिनीची मामेबहीण निघाली म्हणजे? तर त्यांची पद्धत अशी की केस मांडायच्या आधी क्लायंटला ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं दाखवतात, त्यातलं कोणी ओळखीचं वाटलं तर क्लायंटने फक्त बोट ठेवायचं, कारण सांगायचं नाही, आणि त्या दिवशी ती विद्यार्थिनी बाहेर बसते. मी एका नावावर बोट ठेवलं. आडनाव आमच्या शाखेतल्या एका खातेदाराचं होतं, कदाचित काही संबंध नसेलही. तरी ती मुलगी बाहेर बसली. हे इतकं साधं आहे की सगळीकडे का करत नाहीत मला कळत नाही.

मला खरी भीती कशाची वाटते सांगू का, कपाटातल्या कार्डाची नाही, व्हॉट्सअॅपची वाटते. शिकणारी मुलं बावीस-तेवीस वर्षांची असतात, घाबरलेली असतात, सेशन संपल्यावर रात्री दहा वाजता कोणाला तरी विचारावंसं वाटणारच, "क्लायंट आज असं म्हणाली, मी काय करायला हवं होतं?" आणि बॅचचा ग्रुप हाताशी असतो. आता तर एआय पण आहे, नोट्स पेस्ट केल्या की दोन सेकंदात रिपोर्ट तयार, टेप चढवली की टाइप होऊन येते. माझं बोलणं कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसलं हे त्या मुलीलाही कळणार नाही. मी हे विचारलं तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्या फॉर्ममध्ये याबद्दल काही नाहीये, मी मॅडमना विचारते. पुढच्या वेळी फॉर्मला एक ओळ हाताने लिहून जोडलेली होती आणि खाली मॅडमची सही. ऑनलाइन सेशनचंही तसंच. पावसात एकदा व्हिडिओवर बोललो तेव्हा तिने आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवली, होस्टेलची, दार बंद, रूममेट नाही, कानात इअरफोन. मग मला विचारलं तुमच्याकडे कोण आहे घरात. मी म्हटलं स्वयंपाकघरात सासूबाई. मग त्या दिवशी आम्ही ठरवून वरवरचंच बोललो, कारण माझी बाजू सुरक्षित नव्हती.

केस रिपोर्टला मी शेवटाकडे हो म्हटलं, पण आधी वाचायला मिळेल या अटीवर. आणि इथे मला कळलं की नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं आपल्याकडे होतच नाही. तिने नाव काढलं होतं, "क्ष" केलं होतं, वय एकदोन वर्षं पुढेमागे केलं होतं, पतसंस्थेची बँक केली होती. पण खाली लिहिलेलं होतं की माहेर अमुक तालुक्यातलं, आणि घराण्याकडे देवीच्या यात्रेत पालखीचा मान आहे. झालं! त्या तालुक्यातल्या कोणालाही विचारा मान कोणाचा, आडनाव, वाडा, भावकीतलं भांडण, सगळं सांगेल. आडनावावरून जात, गावावरून भावकी, नोकरीवरून नवरा, आपल्याकडे माणूस शोधायला तीन धागे पुरतात. परीक्षक बाहेरचे, म्हणजे जिल्ह्यातलेच कोणीतरी. मी म्हटलं हे काढ. ती म्हणाली, ताई, पण ते महत्त्वाचं आहे ना, त्या मानामुळेच तुमच्यावर घरातली सगळी जबाबदारी आली. खरं होतं ते. आम्ही दोघींनी बसून, पेन्सिलने, वेगळं काहीतरी शोधलं जे तेवढंच वजनदार पण कुठेही सापडेल असं, मोठ्या घरातली थोरली लेक आणि वडिलांची गावातली प्रतिष्ठा. रिपोर्ट जरा फिका झाला असेल. चालेल.

आणि ज्या गोष्टी गुप्त राहूच शकत नाहीत त्या आधी सांगणं, हे तर सगळ्यात आधी यायला हवं. मला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसू शकणार नाही, मॅडमना लगेच सांगेन, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच सांगेन. जगभर हे जे शिकवतात त्याच्या मुळाशी एक भारतीय विद्यार्थीच आहे, प्रोसेनजीत पोद्दार, अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेलेला. 1969 मध्ये तो आपल्या सायकॉलॉजिस्टला म्हणाला की मी अमुक मुलीला मारणार, सायकॉलॉजिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला पकडून सोडून दिलं, मुलीला मात्र कोणीच सांगितलं नाही, आणि त्याने तिला, तातियाना टॅरासॉफला, मारलं. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्टवर येते. आपल्याकडे याहून रोजची गोष्ट पॉक्सोची आहे. अठराच्या आतल्या मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर 2012 च्या त्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि यात शिकाऊ थेरपिस्टला सूट नाही. आता सतरा वर्षांची मुलगी समुपदेशनाला येते, तिला बॉयफ्रेंड आहे, ती विश्वासाने सगळं सांगून टाकते, आणि कायद्याच्या नजरेत तिची संमती संमतीच नाही. तिला हे बोलायच्या आधी माहीत असायला हवं. ती मग काय सांगायचं, किती सांगायचं ते ठरवेल. तिने तोंड उघडल्यावर सांगणं हा विश्वासघात आहे, मग तो कायद्याने कितीही बरोबर असो. शाळा-कॉलेजात समुपदेशनासाठी इंटर्न मुली पाठवतात तिथे हे पहिल्या वाक्यात येतं का, कोणीतरी बघायला हवं.

शिकाऊ थेरपिस्टकडे जाऊ नका असं मी कोणाला सांगणार नाही. उलट मला एका फीमध्ये दोघींची डोकी मिळाली, आणि ती मुलगी जितकी तयारी करून यायची तितकी वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं करत असतील का शंका आहे. कोणीतरी त्यांचं पहिलं, दुसरं, तिसरं क्लायंट व्हावंच लागणार, मीही कोणाच्या तरी कर्जाच्या फाइलवरच काम शिकले. फक्त मला माहीत असताना, मी हो म्हटल्यावर.

त्यांचं शैक्षणिक वर्ष संपतं तेव्हा त्या जातात. हे मला पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं तरी जवळ आल्यावर जड गेलं. मॅडमनी स्वतः फोन केला आणि विचारलं, थांबायचं आहे, दुसऱ्या विद्यार्थिनीकडे जायचं आहे की बाहेर कोणाकडे. मी म्हटलं दुसरीकडे चालेल, पण तिने माझी फाइल आधी वाचायची नाही, मी सांगेन तसं तिला कळू दे. मॅडम थोड्या थांबल्या, म्हणाल्या, धोक्याबद्दलचं जे एक पान आहे ते तिला वाचावंच लागेल, त्याला माझा नाइलाज आहे, बाकीची फाइल माझ्या कपाटात राहील. मी त्या पानावर काय लिहिलंय ते दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवलं, आणि मी तेवढ्याला हो म्हटलं.